तोंडं सारखी

सप्लाय पुण्याहून आला, एसटीच्या पार्सलातून,
खोक्याच्या कडेला कुणाच्या तरी आंब्याचा चीक.
पोटात वायरींचा काळा गुंता.
बाबा ओट्यावर जाळं सांधत होते, वर न बघता म्हणाले,
"ओढू नको गो. सैल कर. टोक आपसूक येतला."

चोवीस पिनांचा रुंद जबडा मदरबोर्डचा,
त्याला दुसरीकडे बसायला जागाच नाही.
साटाचा चपटा, आत एका टोकाशी मुडपलेला,
उलटा धरलास तर गुमान बाहेर राहतो.
फसवे आहेत ते आठ पिनांचे दोघे:
एक प्रोसेसरचा, चार-चार असा दुभंगणारा,
एक ग्राफिक्स कार्डचा, सहाला दोनाचं शेपूट.
एकाची बारा व्होल्टची रांग जिथे,
तिथे दुसऱ्याची जमीन.
कोपरे बघायचे. कुठला चौकोनी, कुठला कापलेला.
जोर केला तर कधीकधी बसतोही,
भीती त्याचीच.

हे आता सांगते आहे.
गेल्या नारळी पौर्णिमेच्या आधी माहीत नव्हतं.

जुना सप्लाय तेव्हा मेला होता.
खारं वारं खिडकीतून आत येतं,
पिनांवर हिरवं धरलं होतं, देवाच्या तांब्यावर धरतं तसं.
जामसंड्याहून वापरलेला दुसरा आणला,
त्याची साटाची वायर डिस्कपर्यंत पोचेना, चार बोटं कमी.
जुनी वायर हाताशी होती, लांब, चांगली.
सप्लायच्या भोकात तिचं तोंड बरोब्बर बसलं.
खट् वाजलं. मला बरं वाटलं.
बटण दाबलं.

आवाज काही झाला नाही.
नुसता एक बारीक वास,
आणि डिस्क गप्प.

त्या डिस्कमध्ये बाबांच्या तीनशे बारा जागा होत्या.
सातेरीकृपावरच्या जीपीएसमधून एका रात्रीत
मीच उतरवून घेतल्या होत्या, अक्षांश, रेखांश, पुढे मासा:
सरंगा. शेवंड. खडप, जाळं टाकू नये.
जीपीएस त्याच पावसाळ्यात पाण्यात गेला.

बाबा रागावले नाहीत. ते बरं झालं असतं.
जळकी वायर हातात फिरवली,
दोन्ही टोकं अंगठ्यानं चाचपली आणि विचारलं,
"ही खयसून इली?"

तेवढाच प्रश्न आहे.
मशीनकडचं टोक साऱ्या जगाचं एक,
सप्लायकडचं ज्याचं त्याचं.
तोंड सारखं, खिट्टी सारखी, पिना मोजून सहा,
पण पाचाच्या घरात बारा व्होल्ट शिरले
तर डिस्क काय करणार.
ज्या सप्लायची वायर त्यालाच. धाकटा भाऊ असला
तरी त्याला नाही. हे कुठल्याही खोक्यावर
मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं.

म्हणून या वेळी आधी जुन्या सगळ्या वायरी
पिशवीत बांधून माळ्यावर.
मग मशीनला काही न जोडता
नुसता सप्लाय उभा केला फरशीवर.
या नव्याला रंग नाहीत, सगळंच काळं,
खिट्टीच्या बाजूची रांग धरून मोजलं,
चौथी आणि पाचवी.
घरात पेपरक्लिप कुठली. बाबांनी डब्यातून एक गळ काढला,
पक्कडीनं सरळ केला, टोक मोडलं, मला दिला.
हात थरथरला. टेकवला.

पंखा फिरला.
बाहेर वारा पडलेला होता,
टेकडीवरच्या पवनचक्क्या उभ्याच्या उभ्या,
आणि आमच्या फरशीवर हा एवढासा, भिरभिर.
बाबा जवळ येऊन वाकले,
तळहात त्याच्यापुढे धरून वारा बघितला.

रात्री साडेनऊला पडदा उजळला.
मी कोरं पान उघडलं. सांगा म्हटलं.
त्यांना आकडे येत नाहीत, कधीच येत नव्हते.
डोळे मिटून बोलायला लागले:
किल्ल्याचं दीपगृह आणि वडाचं टोक एका रेषेत,
अकरा वाव, तळाला चिखल, सरंगा.
सतरा जागा झाल्या. अठराव्याला अडले.
"दीपगृह, आणि दुसरी पवनचक्की..."

बाबा, दुसरी मोडली ना.
ती आता नाही तिथे.

"मगे काय झाला," ते म्हणाले,
"होती थंयच धर. लिही."